समलैंगिकांचे मन : मोबाईलवरचा बाजार आणि कायद्यातला हक्क

प्रौढांनी परस्परसंमतीने ठेवलेले समलैंगिक संबंध हा गुन्हा नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी दिला. त्याला सात वर्षे उलटून गेली. या निकालाचा पाया संविधानिक नैतिकतेच्या तत्त्वावर आहे आणि हे तत्त्व बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मांडले होते, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. संविधानिक नैतिकता आपोआप उगवत नाही, ती रुजवावी लागते, हे बाबासाहेबांचे म्हणणे होते. न्यायालयाने कायद्याच्या पुस्तकातला गुन्हा पुसला. पण घरातली भीती, वस्तीतली कुजबूज आणि मनातली घुसमट पुसणे हे कोणत्याही न्यायालयाच्या हातातले काम नाही.

नेमक्या या घुसमटीवर आज एक नवा बाजार उभा राहिला आहे. मोबाईल उघडला की 'तज्ज्ञांशी बोला, घरबसल्या बोला, कमी पैशांत बोला' अशा जाहिराती दिसतात. एखादा समलैंगिक तरुण रात्री अंथरुणात ही जाहिरात पाहतो आणि विचार करतो, बोलावे की न बोलावे? वकिली करताना आमच्याकडे असे तरुण येतात. २०१८ पूर्वी त्यांचा पहिला प्रश्न असे, 'पोलीस पकडतील का?' आता ते विचारतात, 'कोणाशी बोलू? पैसे किती लागतील? घरी कळेल का?' हे तीन प्रश्न साधे वाटतात, पण त्यांची उत्तरे शोधताना कायदा, बाजार आणि जात या तिन्हींशी गाठ पडते. म्हणून त्यांची चर्चा चळवळीच्या वृत्तपत्रात झाली पाहिजे, असे आम्हाला वाटते.

काही कार्यकर्ते म्हणतील, समाजापुढे अत्याचार, बेरोजगारी, आरक्षणावरचे हल्ले असे डोंगराएवढे प्रश्न असताना हा विषय कशाला? हे तर शहरी उच्चवर्णीयांचे चोचले! त्यांना आम्ही १९३४ सालची आठवण करून देऊ. र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' मासिकातून वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे देत. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांविषयीच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. मुंबई उच्च न्यायालयात कर्व्यांची बाजू मांडायला उभे राहिले ते बॅरिस्टर आंबेडकर. खटला हरला, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. पण त्या काळात, महाडचा संग्राम आणि गोलमेज परिषद ताजी असताना, बाबासाहेबांनी हा विषय क्षुल्लक मानला नाही. नाव न सांगता, पोस्टाच्या तिकिटाच्या खर्चात, दूरच्या जाणकाराला मनातला प्रश्न विचारण्याची ती सोय होती. आजचे ऑनलाईन समुपदेशन हे त्याच पत्राचे नवे रूप आहे. बाबासाहेब ज्या प्रश्नकर्त्यांच्या बाजूने उभे राहिले, त्यांच्याकडे आपण पाठ फिरवणार काय?

आता मूळ मुद्दा. समलैंगिकता हा आजार नाही. अमेरिकन मानसोपचार संघटनेने १९७३ साली आणि जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली तिला आजारांच्या यादीतून काढले. इंडियन सायकियाट्रिक सोसायटीनेही २०१८ साली ही भूमिका जाहीर केली. आपला मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ याहून एक पाऊल पुढे जातो. समाजात रूढ असलेल्या नैतिक, सांस्कृतिक किंवा धार्मिक मूल्यांशी एखादी व्यक्ती जुळत नाही, एवढ्यावरून तिला मनोरुग्ण ठरवता येणार नाही, असे कलम ३ सांगते. मग समलैंगिक माणसाला समुपदेशन कशासाठी? तर आयुष्यभर लपवत जगण्याचा ताण, घरच्यांनी जुळवलेले लग्न, पैशांसाठी धमकावणारे लोक, एकटेपणा, झोप उडणे, जीव नकोसा होणे यांसाठी. जातीचा चटका बसलेल्या विद्यार्थ्याला आधार लागतो तेव्हा त्याची जात हा रोग आहे असे आपण म्हणत नाही. रोग जातिव्यवस्थेत असतो. इथेही तसेच आहे. जखम त्या तरुणाला झाली आहे, पण शस्त्र समाजाच्या हातात आहे.

हा फरक न समजणारा समुपदेशक फुकट मिळाला तरी महाग पडतो. आजही 'मुलाला सरळ करून देतो' म्हणणारे लोक आहेत. कोणी गोळ्या देतो, कोणी संमोहनाच्या बैठका घेतो, कोणी 'लग्न करून टाका, सगळे ठीक होईल' असा सल्ला देतो आणि एका मुलीच्या आयुष्याचीही माती करतो. मद्रास उच्च न्यायालयाचे न्या. आनंद व्यंकटेश यांनी ७ जून २०२१ रोजी दोन समलैंगिक तरुणींच्या खटल्यात अशा 'बदल उपचारां'वर बंदीचे निर्देश दिले. विशेष म्हणजे निकालाआधी ते स्वतः एका मानसतज्ज्ञासमोर बसले, हा विषय समजून घेतला आणि आपल्या अपुऱ्या समजेची कबुली आदेशातच दिली. उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तीला शिकण्यात कमीपणा वाटला नाही, मग आपल्या आई-बापांना का वाटावा? त्यानंतर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असे उपचार हे डॉक्टरचे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. म्हणजे नोंदणीकृत डॉक्टरने हा धंदा केला तर राज्य वैद्यकीय परिषदेकडे तक्रार करता येते. बुवा-बाबाने भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण केली तर महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा लागतो. त्यात सहा महिने ते सात वर्षे शिक्षेची तरतूद आहे. पण मोबाईलवर 'जीवन मार्गदर्शक' अशी पाटी लावून बसलेला माणूस या दोन्ही जाळ्यांतून सहज निसटतो. म्हणूनच पलीकडे कोण बसले आहे, हे आधी तपासणे भाग आहे.

ऑनलाईन सोय वाईट आहे असे आमचे अजिबात म्हणणे नाही. उलट आपल्या तरुणांना तिची गरज जास्त आहे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ मध्ये झाले. मानसिक त्रास असलेल्यांपैकी बहुसंख्य लोकांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत आणि निरनिराळ्या आजारांत ही तूट ७० ते ९२ टक्के आहे, असे त्यात आढळले. राज्यात ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी अशी चारच प्रादेशिक मनोरुग्णालये. तालुक्याच्या गावात मानसोपचारतज्ज्ञ नसतो आणि असलाच तर त्याच्या दवाखान्याच्या पायरीवर कोण चढले हे संध्याकाळपर्यंत गावभर होते. मोठ्या शहरात खाजगी समुपदेशकाच्या एका बैठकीला साधारण हजार ते अडीच हजार रुपये पडतात. महिना बारा हजार पगारावर काम करणाऱ्या तरुणाने आठवड्याला एक याप्रमाणे बाराशे रुपयांच्या चार बैठका घेतल्या तर ४८०० रुपये गेले, म्हणजे पगाराचे ४० टक्के! मग तो खोलीभाडे कुठून देणार आणि घरी काय पाठवणार? तेव्हा दोन-तीनशे रुपयांत बोलता येते असे दिसले तर तो तिकडे वळणारच. त्याला दोष देता येणार नाही.

परंतु स्वस्त वस्तूची किंमत कधीकधी वेगळ्या नाण्यात मोजावी लागते. पहिले नाणे म्हणजे पात्रता. मानसोपचारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो आणि त्याची नोंदणी वैद्यकीय परिषदेकडे असते. चिकित्सा मानसतज्ज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वसन परिषदेकडे असते. पण नुसते 'समुपदेशक' म्हणवून घ्यायला आजवर कोणतीही सनद लागत नव्हती. २०२१ च्या कायद्याने त्यांनाही नोंदणीच्या कक्षेत आणले, पण ती व्यवस्था अजून सर्वत्र रुळलेली नाही. वकिलाची सनद नसताना कोणी कोर्टात उभा राहिला तर त्याला बाहेर काढतात. इथे माणसाच्या मनाचा खटला चालतो आणि सनद विचारायची पद्धत नाही!

दुसरे नाणे म्हणजे गुपित. अमेरिकेतील 'बेटरहेल्प' ही ऑनलाईन समुपदेशनाची फार मोठी कंपनी आहे. समलैंगिकांसाठी तिने 'प्राईड काउन्सेलिंग' या नावाने वेगळे दालनही उघडले होते. गोपनीयतेचे आश्वासन देऊन तिने ग्राहकांचे ई-मेल पत्ते आणि प्रश्नावलीतली माहिती फेसबुक, स्नॅपचॅट अशा कंपन्यांना जाहिरातींसाठी पुरवली, असा ठपका तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने ठेवला आणि २०२३ मध्ये कंपनीला ७८ लाख डॉलर भरावे लागले. विचार करा, समलैंगिकांसाठीच्या दालनात कोणी नाव नोंदवले, ही माहितीच त्याचे गुपित फोडायला पुरेशी आहे. आपल्याकडे मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे कलम २३ गोपनीयतेचा हक्क देते. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि अंमल टप्प्याटप्प्याने ठरला आहे. कागदावरचे संरक्षण ग्राहकापर्यंत पोहोचेपर्यंत सावधगिरी त्यालाच बाळगावी लागेल. हल्ली पुष्कळ तरुण यंत्राशी, म्हणजे चॅटबॉटशी, मन मोकळे करतात. फुकट आहे, रात्री दोन वाजताही उत्तर देते, हसत नाही. पण त्याच्याकडे सनद नाही आणि चुकीच्या सल्ल्याची जबाबदारी त्याच्या अंगाला लागत नाही. जीव देण्याची भाषा मनात असेल तेव्हा तरी जिवंत माणसाचाच आवाज गाठला पाहिजे.

तिसरे नाणे जातीचे आहे आणि त्याबद्दल सहसा कोणी बोलत नाही. २०१५ साली मुंबईच्या एका इंग्रजी दैनिकात एका आईने आपल्या मुलासाठी वर पाहिजे अशी जाहिरात दिली. देशभर तिचे कौतुक झाले आणि ते योग्यच होते. पण त्या जाहिरातीत जातीची अट नाही म्हणताना आपल्या पोटजातीला पसंतीही कळवली होती. ते गमतीने लिहिले होते असा खुलासा नंतर आला. गंमत म्हणूनही जातच सुचावी, यातच सगळे आले. समलैंगिक असल्याने माणसाची जात पुसली जात नाही. आपला तरुण घरी समलैंगिक म्हणून नाकारला जातो आणि समलैंगिकांच्या मैफलीत आडनाव सांगताच गप्प केला जातो. ही दुहेरी मार घेऊन तो समुपदेशकासमोर बसतो आणि समोरून ऐकतो, 'आपण इथे जातीचा विषय नको आणूया, फक्त तुमच्या भावनांबद्दल बोलू.' त्याच्या भावनांचे निम्मे कारणच दाराबाहेर ठेवायला सांगितले, तर उपचार कशाचा होणार? रोहित वेमुला (२०१६) आणि डॉ. पायल तडवी (२०१९) यांच्यानंतर तरी जातीचा ताण हा मनाच्या आरोग्याचा प्रश्न आहे, हे या क्षेत्राने शिकायला हवे होते. 'द ब्लू डॉन'सारख्या गटाने बहुजनांसाठी जातीचे भान असलेल्या समुपदेशनाचा आग्रह धरला, तो याचसाठी.

मग आज काय उपलब्ध आहे? केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. क्रमांक १४४१६. चोवीस तास, विनाशुल्क आणि मराठीतही. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने २०१२ मध्ये 'आयकॉल' ही समुपदेशन सेवा सुरू केली आणि समलैंगिकांना समजून घेणारे समुपदेशन हा तिच्या कामाचा भाग राहिला आहे. मुंबईत १९९४ पासूनचा हमसफर ट्रस्ट, पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी उभा केलेला समपथिक ट्रस्ट, नागपुरात सारथी ट्रस्ट, या संस्थांनी हे काम वर्षानुवर्षे केले आहे. समजूतदार समुपदेशक कोण, हे बहुधा त्यांच्याकडूनच कळते. काही खाजगी समुपदेशक ऐपतीप्रमाणे फी घेतात, पण ते पाटीवर लिहिलेले नसते, विचारावे लागते. विचारण्यात लाज नाही.

ज्याला निवड करायची आहे त्याने पहिल्या बोलण्यातच काही गोष्टी स्पष्ट विचाराव्यात. तुमचे शिक्षण काय आणि नोंदणी कुठे? समलैंगिकता तुम्ही आजार मानता का? जातीच्या अनुभवाबद्दल बोललो तर ऐकाल का? मराठीत बोलता येईल का? टिपणे कुठे ठेवता, घरच्यांचा फोन आला तर काय सांगता? पहिल्या प्रश्नांना जो आढेवेढे घेईल त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये. वर्षभराचे पैसे एकदम भरू नयेत. खात्यातून दरमहा आपोआप पैसे कापण्याची परवानगी देऊ नये. टोपणनाव चालत असेल तर तेच वापरावे. आणि जीव नकोसा झाला असेल तर या चौकशा करत बसू नये. लगेच १४४१६ लावावा किंवा जवळचे सरकारी रुग्णालय गाठावे. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे कायदा कलम ११५ नुसार गृहीत धरतो, तेव्हा पोलिसांच्या भीतीने मदत टाळण्याचे कारण नाही.

पण वाचकहो, प्रश्न एकट्या तरुणाच्या चतुराईवर सोडून चालणार नाही. 'परवडणारे समुपदेशन' हा शब्द बाजाराने आपला करून टाकला आहे. वास्तविक तो कायद्याचा शब्द आहे. २०१७ च्या कायद्याचे कलम १८ वाचा. शासनाने चालवलेल्या किंवा शासनाच्या पैशावर चालणाऱ्या सेवांमधून मानसिक आरोग्यसेवा मिळण्याचा हक्क प्रत्येक व्यक्तीला आहे. ती सेवा परवडणारी, चांगल्या दर्जाची, पुरेशी आणि जवळ असली पाहिजे. लिंग, लैंगिक कल, धर्म, जात, वर्ग यांवरून त्यात भेदभाव चालणार नाही. लैंगिक कल आणि जात हे दोन शब्द एकाच कलमात आले आहेत. दारिद्र्यरेषेखालील माणसाला, हातात कार्ड असो वा नसो, हे उपचार मोफत देणे शासनावर बंधनकारक आहे. म्हणजे जे आपण कंपनीकडे सवलत म्हणून शोधतो ते शासनाकडे आपले येणे आहे! जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात किती पदे रिकामी आहेत, टेलि-मानसच्या समुपदेशकांना समलैंगिकता आणि जात यांविषयी कोणते प्रशिक्षण दिले, हे माहितीच्या अधिकारात विचारले पाहिजे. आणि मिळालेली सेवा टिकवावीही लागते. अमेरिकेत आत्महत्या प्रतिबंधाच्या ९८८ या राष्ट्रीय क्रमांकावर समलैंगिक तरुणांसाठी असलेला खास पर्याय तिथल्या सरकारने १७ जुलै २०२५ रोजी बंद करून टाकला. हक्क राखणारी चळवळ नसेल तर सोय एका आदेशाने जाते.

शेवटी आपल्या घराकडे वळू. ऑनलाईन बोलायला फोन पुरत नाही, बंद होणारे दार लागते. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे राहतात तिथे तो तरुण कोणत्या कोपऱ्यात बसून मन मोकळे करील? आपल्या वस्त्यांत विहारे आहेत, अभ्यासिका आहेत. तिथली एक खोली आठवड्यातून काही तास, 'का पाहिजे' असे न विचारता, कोणालाही फोनवर बोलण्यासाठी द्यायला काय हरकत आहे? नवऱ्याच्या माराला कंटाळलेली बहीण, परीक्षेच्या ताणाने खचलेला विद्यार्थी आणि समलैंगिक तरुण तिघांनाही ती खोली उपयोगी पडेल आणि कोण कशासाठी आले हे कोणाला कळणार नाही. यासाठी शासनाचा निधी लागत नाही, विश्वस्तांची इच्छा लागते.

दुसरे काम वकिलांनी करावे. याच कायद्याचे कलम १४ प्रत्येक सज्ञान व्यक्तीला आपला नामनिर्देशित प्रतिनिधी स्वतः निवडू देते. साध्या कागदावर लिहून सही किंवा अंगठा आणि त्या प्रतिनिधीची लेखी संमती, एवढे पुरते. तो नातेवाईकच असला पाहिजे असे नाही. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने समलैंगिक विवाहाला मान्यता दिली नाही, त्यामुळे जोडीदार आजही कायद्याने नात्यातला ठरत नाही. अशा वेळी हा साधा कागद मोलाचा आहे. घरच्यांनी जबरदस्तीने कुठे दाखल करण्याचा घाट घातला तर बोलण्याचा अधिकार असलेले एक विश्वासाचे माणूस त्यामुळे उभे राहते. आमच्या वकील बांधवांनी आपापल्या तालुक्यात असे कागद फुकट करून द्यावेत.

तिसरे काम आई-बापांचे. मुलाने धीर करून सांगितले तर त्याला बाबाकडे नेऊ नका, मुलगी पाहायला नेऊ नका, भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोची शपथ घालून गप्प करू नका. ज्या माणसाने जन्मावरून कोणाला हलके लेखायचे नाही हे आपल्याला शिकवले, त्याच्या फोटोखाली आपल्याच लेकराला जन्मजात स्वभावावरून हलके लेखणे शोभत नाही. ताटावर बसवा, ऐका. समुपदेशक आठवड्यातून एक तास बोलेल, उरलेले सगळे तास तो तुमच्या घरात काढणार आहे.